किती वाजता, कुठे?

तलमडुगुच्या माणसाला बुडालेल्याचा शोध ठाऊक असतो तो नदीतला. आमच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्यात कुणी बुडाले की शोधणारे खालच्या अंगाला निघतात. डोह, काठच्या झाडांची पाण्यात उतरलेली मुळे, पुलाचे खांब, बंधारा असे बघत जातात. माझा पुतण्या मित्रांबरोबर कोकणात गेला आणि समुद्रात बुडाला, तेव्हा मी आणि त्याचे वडील, म्हणजे माझे दादा, रातोरात गाडी करून निघालो. रायगडच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा एवढेच ज्ञान आमच्याजवळ होते, आणि समोरच्या पाण्याला खालचे अंगच नव्हते.

जिथे मुलाचे कपडे सापडले तिथून दादा हलेनात. एक वयस्कर कोळी त्यांच्याशेजारी येऊन बसले. त्यांनी विचारले, "शेवटचा दिसला तो किती वाजता? कुठे?" एका मित्राने पाण्यात काढलेला फोटो दाखवला. त्यावर दोनची वेळ होती आणि मागे खडकाचे टोक दिसत होते. दत्तजयंतीची पौर्णिमा होती. त्या कोळीकाकांनी भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट केली. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि सव्वापाचपर्यंत ओहोटी. पोरे उतरली तेव्हा पाणी ओसरत होते, तेही उधाणाचे.

मग त्यांनी समजावले. लाटांनी किनाऱ्याशी आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून आत परतते. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. ही ओढ बहुधा सेकंदाला एक-दोन फुटांची असते, पण कधी ती दोन मीटरच्याही पुढे जाते. लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे तिचा जोर संपतो. बुडालेले शरीर सहसा तिथेच आसपास तळाशी जाते. तळाला पाणी संथ असते, म्हणून पहिला शोध तिथला. कोमट पाण्यात दोन-तीन दिवसांत शरीरात वायू साठतो आणि ते वर येते. तिथून पुढे ते वाऱ्याच्या आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहाच्या स्वाधीन होते. हिवाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि त्याच्या लाटा किनाऱ्यालगतचे पाणी दक्षिणेकडे ढकलतात. म्हणून काका म्हणाले, "आता खाडीच्या तोंडाशी बघायचं."

होड्या तिकडे गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीत तो खाडीच्या तोंडाशी मिळाला. दादांना मुलाला अग्नी देता आला.

पुढे मला कळले की कोळीकाकांचा 'किती वाजता, कुठे' हाच प्रश्न आमच्या राज्याच्या राजधानीतही विचारला जातो. तेलंगणाला समुद्र नाही, पण भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, हैदराबादेत आहे. खुल्या समुद्रात हरवलेली माणसे आणि नौका शोधण्यासाठी त्यांनी 2016 साली 'सरात' ही प्रणाली सुरू केली. शेवटचा ठावठिकाणा, वेळ आणि हरवले ते माणूस की होडी हे सांगितले की वारा आणि प्रवाह यांच्या गणितातून ती शोधायचा टापू नकाशावर दाखवते. हा ठावठिकाणा अचूक नसतो, हे धरूनच ते गणित मांडलेले असते. तो जितका धूसर, तितका शोधायचा टापू मोठा.

आता गावातली पोरे समुद्रावर निघाली की मी त्यांना बसवून सांगतो. आधी तिथल्या कोळ्यांना भरती-ओहोटी विचारा. कुणी ओढीत सापडलाच, तर मागोमाग उडी घेऊ नका. तरंगेल असे काहीतरी फेका आणि 112 ला फोन लावा. एकाने नजर त्याच्यावरून काढायची नाही. एक झाड आणि त्यामागचे एक घर अशा दोन खुणा एका रेषेत धरून ठेवायच्या आणि घड्याळ बघायचे. जीव वाचवायला याच गोष्टी लागतात. जीव गेलाच, तर घरच्यांना आपले माणूस परत मिळण्याची आशाही याच गोष्टींवर असते.