पास पोचला पाहिजे

उन्हाळी शिबिराच्या पहिल्या दिवशी मुलं येतात आणि आल्या आल्या रिंगकडे धावतात. प्रत्येकाला बास्केट करायची असते. ज्यांच्या घरी मोठा भाऊ किंवा बहीण खेळते, ती दोन पायांमधून ड्रिबल करून दाखवतात. पास शिकायचाय असं म्हणत आजवर माझ्याकडे कुणी आलेलं नाही. तरीही पुण्यातल्या एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना शिकवताना मी सुरुवात पासपासूनच करते. कारण हा खेळ मुळात पासचाच आहे.

डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी 1891च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या सज्जाला ठोकून हा खेळ सुरू केला. त्यांच्या मूळ 13 नियमांत चेंडू घेऊन पळायला बंदी होती. जिथे झेललात तिथूनच टाकायचा. ड्रिबल पुढे आला. हे सांगितलं की मुलं एकमेकांकडे बघतात. “मग ताई, पुढे जायचं कसं?” हा प्रश्न हमखास येतो. चेंडू पुढे जाईल, तुम्ही मोकळी जागा गाठा, एवढं सांगून मी त्यांना कामाला लावते.

पहिलं काम झेलण्याचं. आपल्याकडची मुलं हातात क्रिकेट घेऊनच येतात. चेंडू खांद्यावरून एका हाताने भिरकावतात आणि झेलताना पोटाशी ओंजळ करतात. बास्केटबॉलमध्ये छातीच्या उंचीवर आलेला चेंडू बोटं वर करून, दोन्ही अंगठे जवळ ठेवून घ्यायचा, आणि कमरेखाली आला तर बोटं खाली, करंगळ्या जवळ. बोटं सरळ चेंडूवर रोखली की टोकाला मार बसतो, सांधा सुजतो आणि मूल पुढचा आठवडाभर चेंडूला बिचकतं. म्हणून चेंडूही वयाला साजेसा लागतो. शाळेच्या कपाटात बहुधा 7 नंबरचे, सहाशे ग्रॅमच्या आसपासचे चेंडू असतात. दहा वर्षांच्या मुलाच्या हाताला ते जड जातात. 5 नंबरचा चेंडू अर्ध्या किलोपेक्षा जरा हलकाच असतो. त्याच्यावर मनगट नीट फिरतं आणि झेलताना भीती कमी वाटते.

एका मुलीला ही भीती फारच होती. चेंडू हातभर अंतरावर आला की तिची मान वळायची आणि डोळे मिटायचे. “डोळे उघडे ठेव” असं ओरडून कुणाचे डोळे उघडे राहत नाहीत. मी चेंडूवर चार बाजूंना कागदी स्टिकर लावले, त्यांवर एक ते चार आकडे लिहिले आणि तिला दोन पावलांवर उभं केलं. मी हलकेच चेंडू टाकायचे. झेलताना समोर कुठला आकडा आला, तो तिने मोठ्याने सांगायचा. आकडा वाचायच्या नादात ती शेवटपर्यंत चेंडूकडे बघू लागली. मग आम्ही पाऊल पाऊल मागे सरकत गेलो. शिबिर संपायच्या सुमारास ती चेंडू यायच्या आधीच दोन्ही हात पुढे करून जागा दाखवायची, आणि सगळ्यांना पास तिलाच द्यावासा वाटायचा.

झेलणं जमलं की देणं लवकर येतं. चेस्ट पासला चेंडूच्या मागे अंगठे, कोपरं अंगाजवळ, ज्याला द्यायचा त्याच्या दिशेने एक पाऊल आणि सुटताना मनगटाचा झटका. हात लांबल्यावर अंगठे खाली आणि तळवे बाहेर वळलेले दिसले की समजावं, पास नीट सुटला. बाउन्स पाससाठी मी जोडीदारांना 3 मीटरवर उभं करते आणि 2 मीटरवर खडूची रेघ मारते. टप्पा त्या रेघेवर पडला की चेंडू समोरच्याच्या कमरेपर्यंत उठतो. टप्पा अलीकडे पडला तर चेंडू तरंगत जातो आणि मधला खेळाडू तो सहज उचलतो. फार पलीकडे पडला तर बिचाऱ्या घेणाऱ्याला पायाशी वाकावं लागतं. मुलं या रेघेशी तासभर झुंजतात, त्यांना कंटाळा येत नाही. मी कोर्टाकडे पाठ करून उभी राहिले तरी काम कसं चाललंय ते कळतं. तळव्यावर आदळलेला चेंडू फट्‌ वाजतो, बोटांत घेतलेल्याचा आवाज मऊ असतो.

पण समोरासमोर दोन रांगा करून दिलेले पास बघायलाच छान असतात. तिथे चेंडू हिसकावणारं कुणी नसतं. म्हणून मी लवकरच मध्ये एकाला उभं करते. दोघांनी पास द्यायचे, मधल्याने अडवायचे, ज्याचा पास अडला तो मध्ये. डोक्यावरून उंच पास द्यायला बंदी. अंगाशी भिडलेला बचावपटू असताना चेंडू 5 सेकंदांपेक्षा जास्त धरता येत नाही, हा नियमही तिथेच लागू करते. आकडे मी मोठ्याने मोजते. खरं शिक्षण इथे सुरू होतं. घाबरलेलं मूल चेंडू छातीशी कवटाळतं आणि मान खाली घालतं. त्याला एक पाय रोवून दुसरा फिरवायला, म्हणजे पिव्होट करायला शिकवलं की त्याला अचानक नवी दिशा सापडते. मग पुढची पायरी: खालून द्यायचा असेल तर आधी वर दाखव. मधल्याचे हात वर गेले की त्याच्या कानाजवळची किंवा गुडघ्याजवळची वाट मोकळी होते. ही वाट दिसल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, तो पहिल्या बास्केटच्या आनंदापेक्षा तसूभरही कमी नसतो.

यानंतर ड्रिबलशिवायचा सामना. दोन्ही संघ नेहमीसारखे खेळतात, फक्त चेंडू जमिनीवर आपटत न्यायचा नाही. एका वर्षी आमच्याकडे एक उंचापुरा, वेगवान मुलगा होता. चेंडू मिळाला की मान खाली घालून थेट रिंगपर्यंत. बाकीचे चौघे हळूहळू धावायचेच थांबले होते, कारण धावून चेंडू मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ड्रिबल बंद केल्यावर तो आधी हैराण झाला. “ताई, कुणी मोकळंच नाहीये!” मी म्हटलं, “तू वर बघ, ते मोकळे होतील.” झालंही तसंच. त्याची मान वर आली आणि चौघांचे पाय सुटले. पास दिला की तो जागेवरच उभा राहायचा, तेव्हा त्याला शाळेतल्या खो-खोची आठवण करून दिली: खो दिल्याने पाठलाग थांबत नाही, तो पुढच्याच्या पायांनी चालू राहतो. त्याला ते पटलं. पास देऊन तो रिंगकडे धावू लागला आणि चेंडू त्याच्याकडे परत येऊ लागला.

जूनमध्ये कोर्ट ओलं झालं की मी मुलांना 1936च्या बर्लिन ऑलिम्पिकची गोष्ट सांगते. त्या वर्षी पुरुषांचं बास्केटबॉल पहिल्यांदा पदकाच्या खेळांत आलं. सामने उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टांवर झाले. अमेरिका आणि कॅनडाच्या अंतिम सामन्यात पावसाने इतका चिखल केला की चेंडू उसळेना, ड्रिबल करणंच अशक्य झालं. अमेरिकेने तो सामना 19-8 असा जिंकला. खुद्द नेस्मिथ त्या स्पर्धेला हजर होते. ओल्या सिमेंटवर मी मुलांना धावू देत नाही, पायच घसरेल. पण शेडखाली उभं राहून पास देता येतात, झेलता येतात. पावसाळा वाया जात नाही.

बुटक्या मुलांना मी जॉन स्टॉकटनबद्दल आवर्जून सांगते. एनबीएच्या मानाने उंची बेताची, सहा फूट एक इंच. 1984 ते 2003 अशा 19 हंगामांत त्याने 15,806 असिस्ट दिले, म्हणजे थेट बास्केट होईल असे पास. तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

आपल्याकडच्या शालेय सामन्यांत मात्र टेबलावरच्या कागदावर बहुधा गुण आणि फाउल एवढंच लिहिलं जातं. काठावरचे पालक “टाक, टाक!” म्हणून ओरडतात. म्हणून मी वेगळी वही ठेवते. तिच्यात असिस्ट असतात आणि त्याआधीचा पासही असतो, ज्याने बचाव हलला आणि असिस्टची वाट मोकळी झाली. सामना संपल्यावर मी ती वही सगळ्यांसमोर वाचून दाखवते. एकही गुण न केलेल्या मुलीचं नाव चार वेळा येतं, तेव्हा तिच्या आईवडिलांनाही आपण काय बघायचं राहून गेलं ते कळतं.

निवड चाचण्या घेणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. वीस-पंचवीस मुलं एकाच वेळी कोर्टावर असली की नजर साहजिकच शॉट मारणाऱ्यावर जाते आणि पास देणारं मूल यादीतून गळतं. चाचणीतली दहा मिनिटं ड्रिबलशिवायच्या सामन्याला द्या. कुणाच्या पासवर समोरच्याला हातसुद्धा हलवावा लागत नाही, कोण दमलेल्या सोबत्याला जपून चेंडू देतो, कोण पास देऊन पुन्हा धावतो, हे त्या दहा मिनिटांत लख्ख दिसतं. गुण करणारे आपल्याला भरपूर मिळतात. त्यांच्यापर्यंत चेंडू पोचवणारी मुलं निवडली आणि वाढवली, तर आपले संघ आजच्यापेक्षा कितीतरी चांगले होतील, याची मला खात्री आहे.