खुंट्या ठोकणारे बारा पंच

मुलांनो, इंग्लंड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? लंडनचं मोठ्ठं घड्याळ, राजवाडा आणि लॉर्ड्सचं मैदान! पण आज आपण जाऊ या एका खेड्यात. नॉटिंगहॅमशायर परगण्यातलं हे गाव, नाव लॅक्स्टन. मीही ते फक्त पुस्तकातच पाहिलं आहे. पण एका शेतकऱ्याच्या मुलाला ते लगेच ओळखीचं वाटलं, बरं का!

गाव किती जुनं? १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. कोणत्या गावात किती जमीन, किती नांगर, याची त्यानं १०८६ मध्ये नोंद करवून घेतली. 'डूम्सडे बुक' नावाच्या त्या दप्तरात लॅक्स्टन आहे. नॉर्मन किल्ल्याची मातीची टेकाडं आजही गावाच्या उत्तरेला दिसतात.

पण या गावाचा खरा ठेवा किल्ल्यात नाही, शेतात आहे. इथे तीन भलीमोठी शेतं आहेत. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. प्रत्येक शेतात लांबट, अरुंद पट्टे आणि एकाच शेतकऱ्याचे पट्टे चहूकडे विखुरलेले. असं का? तर चांगली जमीन एकालाच आणि वाईट दुसऱ्यालाच, असं होऊ नये म्हणून! एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंत ऋतूत पेरायचं पीक, तिसरं पडीक. दरवर्षी पाळी बदलायची. मध्ययुगात इंग्लंडच्या कितीतरी गावांत अशीच शेती होती. पुढे, विशेषतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, जमिनींना कुंपणं पडली आणि ती पद्धत जवळजवळ संपली. लॅक्स्टनमध्ये ती टिकली. १६३५ साली मार्क पिअर्स यांनी काढलेल्या गावाच्या नकाशात दोन हजारांहून अधिक पट्टे आहेत. नांगरणारी, कापणी करणारी चिमुकली माणसंही त्यात काढली आहेत! आता पट्टे कमी आणि रुंद झाले आहेत, बैलांऐवजी ट्रॅक्टर आला आहे.

आता गंमत बघा. या पट्ट्यांमध्ये कुंपण नाही. मग नांगर दरवर्षी वीतभर शेजाऱ्याकडे सरकला तर?

आपल्याकडे याला 'बांध कोरणं' म्हणतात. शेतकऱ्यांच्या मुलांना हे सांगायला नकोच. माझ्या चौथीच्या वर्गात दोन चुलतभाऊ होते. पाढे दोघांचेही तोंडपाठ, पण एका बाकावर बसत नसत. विचारलं तर एक म्हणाला, "गुरुजी, आमचं बोलणं बंद आहे." कारण काय, तर हातभर बांध! तो बांध दोघांनीही कोरला नव्हता. भांडण मात्र त्यांच्या वाट्याला आलं होतं.

लॅक्स्टनमध्ये यावर जुना उपाय आहे. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले बारा पंच गहू पेरलेलं शेत पायी फिरून पाहतात. कोणी हद्द ओलांडली का? न नांगरायच्या गवताच्या पट्टीत नांगर घातला का? जिथे शंका, तिथे खुंटी ठोकून हद्द पक्की करतात. आठवड्यानं 'कोर्ट लीट' नावाचं गावचं न्यायालय भरतं आणि चुकलेल्याला दंड होतो. दंड छोटासाच, पण साऱ्या गावासमोर! पंच म्हणजे कोणी परके साहेब नव्हेत, ते गावचेच लोक. वर्षाचं भांडण वर्षातच मिटतं, मुलांपर्यंत पोचत नाही.

१९५२ साली ही जमीन सरकारच्या शेती खात्यानं विकत घेतली, १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे. मालक बदलले, पण पंचांची फेरी चालूच राहिली.

किल्ला दगडांनी टिकतो. पण गाव? ते टिकतं शेजाऱ्याची हद्द सांभाळण्यानं. तेव्हा मुलांनो, या सुट्टीत आजोबांबरोबर शिवारात फिरून या. कोणत्या शेताला काय नाव आहे, हद्दीचे दगड कुठे आहेत, ते वहीत टिपून ठेवा. आणि हो, बांधापलीकडे तुमच्याच वयाचं कोणी दिसलं, तर त्यालाही सोबत घ्या!