दोष गोळीचा की आमचा?

आमच्या आईच्या हृदयातील एक झडप कृत्रिम आहे. ती बसविल्यापासून रोज रात्री वॉरफरीनची गोळी तिच्या तळहातावर ठेवणे, हा आमच्या घरचा नेम होऊन बसला आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या दंडावर काळेनिळे डाग उमटले. दुसऱ्या दिवशी चूळ भरताना हिरड्यांतून रक्त आले. आम्ही भावंडे घाबरलो. ह्या गोळीनेच घात केला, ती बंद करावी, असे आम्ही ठरवूनही टाकले.

डॉक्टरांनी आम्हाला वेळीच अडवले. "गोळी परस्पर बंद कराल, तर झडपेवर गुठळी धरेल," असे बजावून त्यांनी रक्ताची आय. एन. आर. तपासणी करवली. निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो. आईचा २.५ ते ३.५ असावयास हवा होता. तो निघाला ६.

"बाई, दुसरे काही औषध घेतलेत का?" आईने आमच्याकडे पाहिले. तिचे पोट बिघडले म्हणून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आम्हीच दुकानातून आणून दिल्या होत्या. त्यांनी वॉरफरीनचा जोर वाढतो, हे आमच्या गावीही नव्हते.

ह्या औषधाचा उगमच रक्तस्रावात आहे. १९३३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिनचा एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली कालवड आणि न गोठलेले रक्त घेऊन कार्ल लिंक ह्या शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचला. क्लोव्हरचा कुजका चारा खाऊन त्याची गुरे मरत होती. त्या शोधातून निघालेले वॉरफरीन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून आले आणि १९५४ पासून माणसांना दिले जाऊ लागले. जीवनसत्त्व 'के'चे कार्य रोखून ते रक्त गोठू देत नाही. त्याचा तारक गुण तोच मारकही. फरक केवळ मात्रेचा.

डॉक्टरांच्याच सांगण्यावरून गोळी दोन दिवस थांबवली व फेरतपासणीनंतर पुन्हा सुरू केली. डाग हळूहळू विरले. आता कॅलेंडरशेजारी एक वही टांगलेली असते. तीत तारीख, मात्रा आणि आकडा आम्ही पाळीपाळीने लिहितो. दाताच्या डॉक्टरांकडे जातानाही ती वही सोबत असते. पालेभाजी आईने सोडलेली नाही; तिचे प्रमाण तेवढे सारखे ठेवले आहे. आणि आमच्या हातून विचारल्यावाचून एकही गोळी आता ती घेत नाही. त्याचे आम्हाला वाईट वाटत नाही.