मान सुटेपर्यंत

यीस्टची स्लाइड लावायला फारसं काही लागत नाही. बाजारातले कोरड्या यीस्टचे दाणे, कोमट साखरपाणी, मेथिलीन ब्लूचा थेंब. कस लागतो तो बघताना. शहापूर-मुरबाडच्या मुलांना मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. चैत्रात पाड्यांवरची मुलं मोहाची फुलं आणतात. ती पाण्यात भिजत ठेवली की एक-दोन दिवसांत फेस धरतो आणि त्या पाण्यात नाना आकारांच्या पेशी सापडतात. (त्या पाण्याचं पुढे काय करतात, हे मुलांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तो भाग प्रॅक्टिकलला नाही.)

चारशे पट मोठी केलेली पेशी आणि तिला चिकटलेली टपोरी कळी दिसली की प्रश्न येतोच, "मॅडम, ही एक का दोन?" मी म्हणते, मान बघा. आई आणि कळी यांच्यामधला तो आवळलेला भाग. फाइन फोकस कितीही फिरवला तरी नुसत्या डोळ्याला खात्री देता येत नाही. मग नळी जोरात हलवायची आणि नवी स्लाइड लावायची. विभाजन पुरं झालेल्या जोड्या बऱ्याचशा सुटतात. अपुऱ्या राहिलेल्या सुटत नाहीत.

गुणसूत्रं वाटली की विभाजन आटोपलं, असं पाठ्यपुस्तक वाचून वाटतं. यीस्टचं खरं काम तिथून पुढे आहे. विभाजनावर पडदा पाडणारं प्रथिन, सीडीसी-१४, एरवी केंद्रिकेत दुसऱ्या एका प्रथिनाने जखडून ठेवलेलं असतं. गुणसूत्रं ओढणाऱ्या तर्कूचं एक टोक मान ओलांडून कळीत शिरलं, तरच ते पुरतं मोकळं सुटतं. आईच्या बाजूला या सुटकेचा इशारा दाबून धरणारं प्रथिन असतं, कळीत त्याला आवरणारं. कल्याण-मुरबाड एसटीचा कंडक्टर पायरीवरचा माणूस आत आल्याशिवाय डबल बेल देत नाही, तसंच. तर्कू वाकडा होऊन आईतच अडकला तर पेशी थांबते, कारण घाई केली तर एकीत दोन केंद्रकं राहतील आणि दुसरी रिकामी.

हे उलगडलं बिघडलेल्या यीस्टमुळे. १९७०च्या सुमारास सिएटलमध्ये लेलंड हार्टवेल यांनी २३ अंशांना नीट वाढणारे आणि ३६ अंशांना पेशीचक्राच्या ठराविक टप्प्यावर अडणारे वाण गोळा केले. सीडीसी-१४ बिघडलेला वाण मोठी कळी घेऊन तसाच थबकतो: गुणसूत्रं दोन्हीकडे पोचलेली, पण सुटका नाही. पेशीचक्रावरच्या कामासाठी २००१चं नोबेल हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट यांना मिळालं. आमच्या पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत एप्रिलच्या दुपारी ३६ अंश म्हणजे गारवा. तो वाण इथे कायमचाच अडकून बसेल.

इशारा सुटल्यावरही काम उरतंच. मानेतलं कडं आवळतं, कायटिनची भिंत उभी राहते आणि मग ती भिंत विरघळवणारं विकर तयार होतं, तेही लेकीच्या बाजूने. आईच्या अंगावर प्रत्येक लेकीमागे एक वण राहतो. आई साधारण वीस-तीस लेकींनंतर थकते. विकराचा हुकूम देणारं जनुक, एस-२, बिघडलं तर पेशी वेगळ्या होऊनही एकमेकींना चिकटून झुबका करतात. म्हणून मोहाच्या पाण्यात झुबका दिसला तर "विभाजन झालं नाही" असं वहीत लिहिलेलं मी खोडते. हलवून बघितलंत का, आणि तरी सुटलं नाही म्हणजे नेमकं काय अडलंय, विभाजन की नुसतं सुटणं, हे विचारते.

परीक्षेत या शेवटच्या टप्प्याला एखाददुसरा गुण असतो. शिक्षकांनो, निदान प्रॅक्टिकलला तरी त्याला एक पूर्ण तास द्या.