पत्ता पक्का, वाट अडलेली

एखादी कंपनी लीज्ड लाइन घेते आणि तिच्यासोबत आठ पब्लिक स्टॅटिक आयपी पत्त्यांचा गट मिळतो. उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले पत्ते घेऊन सांगायचं, तर २०३.०.११३.० ते २०३.०.११३.७. पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, एक इंटरनेट कंपनीच्या राउटरचा, उरले पाच. त्यांतला .२ फायरवॉलच्या बाहेरच्या पोर्टला दिला, .३ फायरवॉलमागच्या मेल सर्व्हरला. मेल आत सोडण्याचा नियमही लिहिला. तरी बाहेरून एकही मेल येत नाही.

इथे बहुतेकांचा हात आधी नियमांकडे जातो. एकेक पोर्ट उघडत शेवटी ‘सगळं सोडा’ असा नियम लागतो. दुखणं तसंच राहतं आणि ज्या दिवशी वाट सुरू होते, त्या दिवशी सर्व्हर साऱ्या जगाला उघडा पडलेला असतो. माझा आग्रह एवढाच, की नियमाला हात लावण्याआधी पॅकेट कुठवर पोचलं ते पाहावं.

त्यासाठी साधन जुनंच आहे. १९८८च्या सुमारास लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार झालेलं टीसीपीडम्प आजही जवळपास प्रत्येक लिनक्स मशिनवर चालतं. ते फायरवॉलच्या बाहेरच्या पोर्टवर लावलं, की चित्र स्पष्ट होतं: राउटर पुन्हा पुन्हा विचारतो आहे, ‘.३ कोणाकडे आहे?’ उत्तर कोणीच देत नाही.

ही विचारणा म्हणजे एआरपी, १९८२ सालचा नियम. आठही पत्ते आपल्याच तारेवर आहेत, अशी राउटरची समजूत असते. अंगणात उभं राहून हाक मारावी, तसा तो पुकारतो. सर्व्हर मात्र फायरवॉलच्या पलीकडे असतो आणि एआरपीची हाक राउटिंग करणारं यंत्र ओलांडत नाही. मेलचं पॅकेट राउटरपाशीच थांबतं. फायरवॉलच्या नियमापर्यंत ते आलेलंच नसतं.

उपाय तीन. सर्व्हरला खाजगी पत्ता देऊन फायरवॉलवर .३चं एकास एक नॅट करायचं, मात्र .३साठी एआरपीला उत्तर फायरवॉलने दिलं पाहिजे. पब्लिक पत्ता सर्व्हरवरच हवा असेल, तर प्रॉक्सी एआरपी लावायचा, म्हणजे सर्व्हरच्या वतीने फायरवॉलने हाकेला ओ द्यायची, आणि .३ आतल्या पोर्टमागे आहे, असा रूट लिहायचा. तिसरा उपाय सर्वांत स्वच्छ: इंटरनेट कंपनीने जोडणीसाठी वेगळा छोटा गट द्यावा आणि आठांचा पूर्ण गट फायरवॉलच्या पत्त्याकडे राउट करावा. मग बाहेर .३साठी हाक मारण्याची गरजच उरत नाही. त्याला चार पत्ते जास्त लागतात, आणि आयपीव्ही४चा जागतिक मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११लाच संपला. पण जोडणीच्या गटाला खाजगी पत्तेही चालतात.

आत येण्याची वाट मिळाली, तरी परतीची तपासावी लागते. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतील आणि डिफॉल्ट गेटवे दुसऱ्याच लाइनचा असेल, तर विनंती फायरवॉलमधून येते आणि उत्तर भलत्याच वाटेने जातं. जोडणीची नोंद ठेवणाऱ्या फायरवॉलला त्या संभाषणाची एकच बाजू दिसते, आणि पुढची पॅकेटं तो टाकून देतो. उपाय परतीचा रूट दुरुस्त करणं हाच.

फायरवॉल बदलल्यावरचा घोळ वेगळा. सेटिंग हुबेहूब, तरी लाइन बंद. राउटरच्या एआरपी नोंदीत जुन्या यंत्राचा मॅक पत्ता असतो. सिस्कोच्या अनेक राउटरवर ही नोंद मूळ सेटिंगनुसार चार तास टिकते. नव्या फायरवॉलकडून प्रत्येक पब्लिक पत्त्यासाठी ग्रॅच्युइटस एआरपी, म्हणजे न विचारता दिलेलं एआरपीचं उत्तर, पाठवावा, नाहीतर इंटरनेट कंपनीला नोंद पुसायला सांगावं.

आयपीव्ही६मध्ये पत्त्यांची टंचाई नाही, पण हा प्रश्न तिथेही आहे. एआरपीचं काम नेबर डिस्कव्हरी करते, एवढाच बदल. म्हणून लाइनची ऑर्डर देतानाच लेखी विचारून घ्यावं: गट थेट तारेवर मिळणार की फायरवॉलकडे राउट होऊन, जोडणीचे पत्ते कोणते, आणि यंत्र बदललं तर एआरपीची नोंद पुसायला फोन कोणाला करायचा?