हात रिकामे आहेत का?

"हात रिकामे आहेत का गं?" असं आईने माजघरातून विचारलं की आम्ही भावंडं चार दिशांना पांगायचो. या प्रश्नाला 'हो' म्हणणारा अर्धा तास जागचा हलत नाही, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक होतं. जो सापडेल त्याला आई पाटावर बसवायची, दोन्ही हात पुढे करायला लावायची, त्यांवर लोकरीची लड चढवायची आणि समोर बसून गुंडा करायला लागायची. हात जवळ आले की लड घसरायची, लांब गेले की लोकर ताणली जायची. मग डावं मनगट झुकवायचं, उजवं मनगट झुकवायचं, नि दोरा सुटेल तसा सोडत राहायचं. लड चढल्याबरोबर नाकाच्या शेंड्याला हमखास खाज सुटायची. "हलू नकोस," म्हणत आई आपल्या पदराने माझं नाक खसकन चोळून द्यायची आणि पुन्हा गुंडाळायला लागायची.

भाचीच्या टेबलाला आता दोन यंत्रं जखडलेली असतात. एक छत्रीसारखं उघडणारं लाकडी चक्र, त्यावर लड चढवायची. दुसऱ्याला दांडा, तो फिरवायचा. पाचेक मिनिटांत शंभर ग्रॅमचा गुंडा तयार. तोही कसा, तर वरून सपाट, खालून सपाट, पोटातून दोरा देणारा आणि जिथे ठेवाल तिथे बसणारा. आईचा गुंडा गोल असायचा. तो मांडीवरून निसटायचा, पलंगाखाली जायचा आणि आठवड्याचा केर घेऊन परत यायचा. यंत्राचा गुंडा चांगला, यात वादच नाही. फक्त त्याला समोर कोणी बसलेलं लागत नाही.

विणकाम हा आता छंद आहे, आणि छंदाला सामान लागतं. आमच्या वेळी ते काम होतं, आणि कामाला घरातलं काहीही चालायचं. भाचीकडे गुंडा ठेवायला चिनी मातीचं सुबक भांडं आहे, त्याच्या काठाला दोरा बाहेर यायला नागमोडी खाच आहे. आमच्याकडे दुधाची किटली होती. भाचीकडे टाक्यांवर खूण ठेवायला रंगीत कड्या आहेत; आमच्याकडे आईच्या बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन होती. वेणीच्या नमुन्यात तीन टाके बाजूला धरायला तिच्याकडे मधोमध वाकवलेली खास सुई आहे. आईच्या अंबाड्यात आकडा होता. ओळी मोजायला भाची बोटात अंगठीएवढं यंत्र घालते आणि त्याची कळ दाबते. आई 'कालनिर्णय'वर रेघा मारायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी. त्याच पानावर दुधाचे खाडेही असायचे. एका डिसेंबरात दुधाचे खाडे बाहीत जमा झाले आणि दादाची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर आखूड झाली. दादाने तो स्वेटर तीन हिवाळे घातला. हात जरा वाकडा धरला की कळत नाही, असं आईचं म्हणणं होतं.

सुया मात्र विकतच्या असायच्या, तुळशीबागेतून आणलेल्या. करड्या रंगाच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या, एका टोकाला बटण. एक सुई हरवली की दुसरी विधवा व्हायची, मग शेजारच्या काकूंकडच्या तसल्याच एकटीशी तिचं जमवायचं. पायमोजे गोल विणायला चार-पाच दुटोकी सुया लागत; आमच्या एका आत्येने सायकलच्या तारा दगडावर घासून त्यांवर ते विणले होते. सुयांचे नंबर आम्हाला पाढ्यांसारखे पाठ. ती पद्धत इंग्रजांची, त्यामुळे उफराटी: आकडा वाढला की सुई बारीक. स्वेटरची बॉर्डर 12 नंबरवर, दोन सुलट, दोन उलट. अंग 10 नंबरवर, सुलटच्या ओळीमागे उलटची ओळ. आणि जाड लोकर असेल तर 8 नंबर. दहा नंबरची सुई म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आमचं काही अडलंही नाही.

अडलं ते आता. मुलीला दिवस गेले तेव्हा तिने अमेरिकेहून एक नमुना पाठवला. 'आठ नंबरच्या सुया घ्या,' असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. मी कपाटातली आईची आठ नंबरची जोडी काढली आणि पंधरा दिवस डोळे फोडून, सहा महिन्यांच्या बाळाच्या मापाचा स्वेटर केला. तो निघाला जेमतेम बाराव्या दिवसापुरता. अमेरिकेत सुईचा आकडा वाढला की सुई जाड होते, हे नंतर समजलं. त्यांची आठ नंबरची पाच मिलिमीटर, आपली आठ नंबरची चार. एका टाक्यात एक मिलिमीटरचाही फरक नाही, पण शंभर टाक्यांत नातवंडाची छाती मावेना. मुलीने मग माझ्या वाढदिवसाला रंगीत लाकडी सुयांचा संच पाठवला. मखमलीसारखं खोकं, प्रत्येक सुईवर मिलिमीटर कोरलेले, आणि टोकं अशी की टाका आपणहून सरकावा. मी हरखून खोकं उलटंसुलटं केलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: मेड इन इंडिया. सुया इथून तिकडे गेल्या, तिकडून इथे आल्या. सातासमुद्रापार जाऊन आल्याशिवाय आपल्याला आपल्या सुईची किंमत कळत नाही.

लोकर आणायला जाणं हा एक सोहळा होता. लुधियानाची लोकर दुकानात रंगांच्या उतरंडीने रचलेली असायची. आई एकेक लड गालाला लावून बघायची. मोठ्या माणसाच्या स्वेटरला साधारण चारशे-पाचशे ग्रॅम लोकर लागते, आणि ती एकाच घाण्यातून रंगलेली हवी, नाही तर छटा बदलते. म्हणून लॉट नंबर बघायचा. पण एकदम तेवढे पैसे कोणाकडे असायचे? मग दुकानदार निम्म्या लडी कागदात बांधून, वर नाव लिहून, माळ्यावर ठेवून द्यायचा. "पगार झाला की न्या वहिनी." या विश्वासाच्या गोष्टी आम्ही आता डोळ्यांत पाणी आणून सांगतो. तो पुडा एका दिवाळीत दुसऱ्याच कोणाला विकला गेला आणि बाबांचा स्वेटर छातीपर्यंत एक निळा, छातीपासून दुसरा निळा झाला, हे सांगायचं राहून जातं.

भाची लोकर मोबाइलवरून मागवते. पडद्यावर निळ्याच्या चाळीस छटा, प्रत्येकीखाली धुण्याच्या सूचना, मेंढीची जात, शिवाय लॉट नंबर. कमी पडली तर आणखी येते, जास्त झाली तर परत जाते. गालाला लावून बघता येत नाही, एवढंच.

आणि खरं सांगायचं तर गालाला लावण्यासारखी ती लोकर नव्हतीच. ती टोचायची. मानेला चावायची, मनगटाला पुरळ आणायची. मग कृत्रिम धाग्याचं कॅशमिलॉन आलं. ते स्वस्त होतं, धुतलं तर आटत नसे, पण त्यात ऊबही बेताचीच. मात्र अंधारात डोक्यावरून काढताना चटचट ठिणग्या उडायच्या, आणि तेवढ्यासाठी आम्ही दिवे घालवून स्वेटर काढायचो. सगळे स्वेटर 'वाढत्या अंगाचे' असत. म्हणजे पहिल्या वर्षी बाह्या दुमडायच्या, दुसऱ्या वर्षी नीट बसायचे, तिसऱ्या वर्षी धाकट्याला जायचे. मला पहिला पगार मिळाला तेव्हा मी काय केलं असेल, तर लक्ष्मी रस्त्यावरून एक तयार स्वेटर आणला. यंत्रावरचा, पातळ, दोन्ही बाह्या सारख्या. आईने तो हातात घेतला, उलटा केला, शिवणी तपासल्या आणि म्हणाली, "छान आहे." एवढंच. त्या हिवाळ्यात तिने माझ्यासाठी सुया काढल्या नाहीत, आणि मला ते मार्चपर्यंत लक्षातही आलं नाही.

तेव्हा स्वेटर टाकून देत नसत, उसवत. हा गुंड्याच्या उलटा विधी. शिवणीचा एक दोरा नेमका सापडला की सगळा स्वेटर सर्रकन सुटत जायचा, आणि हा मान मिळवायला मात्र आम्ही भांडायचो. सुटलेली लोकर नागमोडी, केसांच्या वेणीतून सुटल्यासारखी. ती पाटाभोवती गुंडाळायची, ओली करायची आणि वाळवायची की सरळ व्हायची. मग दादाच्या स्वेटरचा माझा स्वेटर, माझ्या स्वेटरची धाकट्याची कानटोपी, आणि कानटोपीचं अखेर गरम भांडं उतरवायचं फडकं. याला आजची मुलं पुनर्वापर म्हणतात आणि त्यावर छापील पत्रकं काढतात. आम्ही त्याला ओढाताण म्हणायचो आणि पाहुण्यांपासून लपवायचो.

'हात रिकामे आहेत का?' या प्रश्नाचा दुसरा अर्थ मला फार उशिरा कळला. बाईचे हात रिकामे दिसता कामा नयेत, असा तो काळ होता. गप्पा मारायच्या तर सुया हातात घेऊन, रेडिओ ऐकायचा तर सुया हातात घेऊन, दवाखान्यात आजाऱ्याच्या उशाशी बसायचं तरी सुया हातात. 1962 साली चीनशी युद्ध झालं तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. आईनेही दोन विणले, आणि त्याबद्दल ती आयुष्यभर बोलायची. मी एकदा तिला विचारलं, "तू स्वतःसाठी कधी विणलंस?" तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मला कुठे थंडी वाजते?" ती बाबांची जुनी शाल पांघरायची. तेव्हा त्या दिवसांसाठी गळा काढताना मी जरा जपूनच काढते. त्या गोड आठवणींचे टाके कोणाच्या तरी मानेच्या दुखण्यावर घातलेले आहेत.

भाची स्वतःसाठी विणते. अर्धवट सोडते, उसवते, कंटाळते, दुसरं घेते, आणि कोणाला जाब देत नाही. तिच्यासारख्या आठ-दहा जणी रविवारी कॉफीच्या दुकानात सुया घेऊन बसतात. त्यात एक मुलगाही येतो, आणि सर्वांत सफाईदार टाका त्याचाच. आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला सुया मुलींच्या हातात आणि मुलगे मैदानात. क्रोशाचंही तेच. आम्ही सुई फिरवून फिरवून काय केलं, तर रेडिओचं झाकण, टीव्हीवरचा रुमाल आणि पाण्याच्या माठाची टोपी. आताच्या क्रोशावाल्या बायकांनी 2016 साली चेन्नईत हजारो हातांचे तुकडे जोडून 11,148.5 चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण केलं आणि गिनेस बुकात गेल्या. आमचे रुमाल फार तर धुळीच्या आड गेले.

पण एका बाबतीत मला वाद घालावासा वाटतो, तो म्हणजे बाळंतविडा. आमच्याकडे डोहाळजेवण झाल्याशिवाय टोपड्याला हात लावायचा नाही, अशी रीत. ओटी भरली की दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका कामं वाटून घ्यायच्या. टोपडं एकीकडे, मोजे दुसरीकडे, स्वेटर तिसरीकडे, दुपट्याच्या कडेची क्रोशाची लेस जिचा हात बारीक तिच्याकडे. मुलगा की मुलगी हे ठाऊक नसायचं, म्हणून रंग पांढरा नाही तर फिका पिवळा. सगळं जमलं की परातीत मांडायचं, टोपड्याला साटिनची फीत ओवायची आणि एकमेकींचे टाके डोळे बारीक करून बघायचे. कौतुक तोंडाने आणि दोष नजरेने. मोजे बाळाच्या पायांत कधी राहायचेच नाहीत, पहिल्या लाथेला एक उडायचा. तरी पुढच्या बाळाला मोजे विणले जायचेच. उपयोगासाठी कोण विणत होतं?

आता बाळंतविडा खोक्यात मिळतो. टोपडं, दुपटं, झबलं, मोजे, सगळं एका रंगात, वर पारदर्शक कागद. रुखवतही भाड्याने मिळतं. संध्याकाळी मांडा, रात्री परत द्या. याला नाक मुरडायचा मला अधिकार नाही. माझ्या रुखवतात 'वधूने स्वतः विणलेला' म्हणून जो क्रोशाचा टेबलक्लॉथ मांडला होता, त्यातली चार वर्तुळं माझी आणि साठ मावशीची होती. सासरच्यांनाही ते माहीत होतं, कारण त्यांच्या मुलीच्या रुखवतातही एक मावशी होती. भाड्याचं रुखवत निदान खोटं बोलत नाही.

मागच्या रविवारी भाचीकडे गेले होते. तिला कोणीतरी हाताने रंगवलेली लोकर भेट दिली होती, जांभळातून निळ्यात आणि निळ्यातून राखाडीत उतरणारी एक भलीमोठी लड. तिने ती उलगडली आणि मला म्हणाली, "आत्या, हात रिकामे आहेत का?"

मी चष्मा सावरला, खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही हात पुढे केले. बरोबर वीतभर अंतरावर, अंगठे वर. साठ वर्षांनीही अंतर चुकलं नाही. तिने लड चक्रावर चढवली, दांड्याशी जाऊन उभी राहिली आणि माझ्या दोन्ही हातांच्या मधोमध आपला मोबाइल ठेवला. तिला गुंडा होतानाचा व्हिडिओ हवा होता.

चक्र फिरायला लागलं. जांभळं संपून निळं आलं. मी हात स्थिर धरून बसले होते, आणि तेवढ्यात नाकाच्या शेंड्याला खाज सुटली.

"आत्या, हलू नकोस ना," भाची म्हणाली.

मी हलले नाही.