पुढचा शनिवार

"अजून आठ दिवस आहेत. त्यात एक शनिवार आहे. हरिकेन हिल करून टाकू," गुरुवारी रात्री भांडी विसळता विसळता माझा रूममेट म्हणाला.

त्याचं खरं नाव इथे नको. आपण त्याला किल्लेदार म्हणू. पुण्यात कॉलेजच्या चार वर्षांत त्याने सह्याद्रीतले नव्वदएक किल्ले पालथे घातलेत, आणि कोणी विचारलं नसलं तरी जेवताना तो त्यातला एखादा सांगायला घेतोच.

आठ दिवसांचा हिशोब असा. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली, की जास्तीत जास्त ६० दिवस हातात मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज भरला तर ठीक, नाहीतर बॅगा भरा. किल्लेदाराचा त्या गुरुवारी बावन्नावा दिवस होता. आम्ही दोघं एकाच कंपनीत. एका मंगळवारी सकाळी त्याची अख्खी टीम गेली आणि वरच्या मजल्यावरची माझी टीम वाचली. का, ते कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून आम्ही घरात क्रिकेट, राजकारण, कुकरची शिट्टी, सगळ्यावर बोललो. या एका गोष्टीवर सोडून.

तर हरिकेन हिल. सिएटलच्या पश्चिमेला, पाण्यापलीकडे, ऑलिंपिक नॅशनल पार्क आहे. त्यात ५,२४२ फुटांवर हरिकेन रिज नावाची डोंगरधार आहे आणि तिच्या पश्चिम टोकाला ५,७५७ फुटांची हरिकेन हिल. नाव उगाच पडलेलं नाही. तिथे ताशी १२० किलोमीटरच्या वर वारे वाहू शकतात आणि वर्षाला सरासरी ३० ते ३५ फूट बर्फ पडतो. गंमत म्हणजे पोर्ट अँजेलिस या किनाऱ्यावरच्या गावातून १७ मैलांत गाडी थेट धारेवर जाते. फक्त हिवाळ्यात रस्ता एरवी शुक्रवार ते रविवारच उघडतो, आणि तोही हवामानाची मर्जी असेल तर. दोन वर्षं आमचं जायचं ठरत होतं. एकदा रस्ता बंद, एकदा माझा ऑन-कॉल, एकदा नुसताच आळस.

शनिवारी पहाटेची फेरीबोट पकडली. ३५ मिनिटांत बेनब्रिज बेट, मग हूड कॅनालवरचा तरंगता पूल, मग स्क्विम गाव. रात्रभर सिएटलमध्ये पाऊस, आणि इथे रस्ता कोरडा ठणठणीत! ऑलिंपिकच्या डोंगरांनी पॅसिफिकवरून येणारे ढग अडवले की पश्चिमेच्या हो खोऱ्यात वर्षाला सुमारे १४० इंच पाऊस पडतो आणि डोंगराच्या मागे दडलेल्या स्क्विमला जेमतेम १६. शाळेत घोकलेला पर्जन्यछायेचा प्रदेश. "म्हणजे हे यांचं माण-खटाव," किल्लेदाराने निकाल दिला.

हार्ट ओ द हिल्सच्या नाक्यावर रेंजर बाईंनी चेन दाखवायला सांगितली. फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी हिवाळ्यात गाडीत चेन लागतेच, सबब चालत नाही. तिथून पुढे वळणं, बोगदे, आणि मग एका वळणावर ऊन आणि पांढरा शुभ्र डोंगर एकदमच अंगावर आले.

वर पोचल्यावर पाच मिनिटं दोघंही गप्प. दक्षिणेला एल्व्हाच्या खोल दरीपलीकडे बेली रेंजची अख्खी रांग, आणि तिच्या मागून डोकावणारा माउंट ऑलिंपस. उंची ७,९८० फूट फक्त. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे फार लांब नाही. पण हा बारा महिने हिमनद्या अंगावर घेऊन बसलेला असतो. जॉन मीअर्स नावाच्या ब्रिटिश दर्यावर्द्याने १७८८ साली समुद्रातून तो पाहिला आणि त्याला ग्रीक देवांच्या डोंगराचं नाव दिलं. पार्किंगशेजारी पूर्वी लाकडी डे लॉज होतं. मे २०२३ मध्ये ते जळून खाक झालं. त्यामुळे गरम कॉफी वगैरे विसरा. थर्मासमधला आल्याचा चहा घेतला आणि स्नोशू बांधायला बसलो.

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची ॲल्युमिनियमची लांबट चौकट, त्यावर ताणलेलं जाड कापड, खाली लोखंडी दात. बुटाच्या तळव्यापेक्षा क्षेत्रफळ साधारण चौपट, म्हणून माणूस मांडीपर्यंत रुतण्याऐवजी चार-सहा इंचच रुतो. पुढचा पाय पट्ट्यांनी बांधलेला, टाच मोकळी. पाय फाकवून बदकासारखं चालायचं. दहा मिनिटांत जमतं. एकच गोष्ट जमत नाही, ती म्हणजे मागे पाऊल टाकणं. मागचं शेपूट बर्फात घुसतं आणि आपण सरळ बुडावर. परतायचं असेल तर लहान लहान पावलं टाकत गोल वळून यावं लागतं. हे मी पार्किंगमध्येच, दोन लहान मुलांच्या साक्षीने शिकलो.

पहिला दीड मैल सोपा. उन्हाळ्यातला गाडीरस्ताच बर्फाखाली गेलेला असतो. दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली फरची झाडं. मागून दोन ग्रे जे पक्षी चिक्कीच्या आशेने झाडाझाडांवरून आमच्याबरोबर येत होते. पुढचा दीड मैल मात्र धार. उन्हाळ्याची पायवाट उतारावरून आडवी जाते, पण हिवाळ्यात तिथून जायचं नसतं. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमकडा सुटण्याची भीती सर्वांत जास्त, म्हणून धारेच्या माथ्यावरूनच चढायचं. सकाळी अव्हलांच सेंटरचा अंदाज पाहिला होता, पाचपैकी दुसरी पायरी. एक वाजता जिथे असू तिथून परत फिरायचं, असं गाडीतच ठरलं होतं. नियम किल्लेदाराचाच. सह्याद्रीतही तो असाच वेळ ठरवून फिरतो म्हणे.

पावणेएकला आम्ही शेवटच्या चढाखाली होतो. उत्तरेला हुआन द फुका सामुद्रधुनी आणि पलीकडे कॅनडाचं व्हँकुव्हर बेट लख्ख दिसत होतं. मी फोटोसाठी हातमोजा काढला, घातला, आणि मान वळवली तोवर ऑलिंपस गायब. मग बेली रेंज. मग समोरचा माथाच. दहा मिनिटांत बर्फ, आकाश, माझे स्वतःचे पाय, सगळं एकाच रंगाचं.

"एक वाजला," मी म्हणालो.

"अर्ध्या तासाचं काम आहे रे."

"दिसतंय काय तुला?"

"दिसायला कशाला पाहिजे? धार धरायची आणि वर. सोप्पंय."

सह्याद्रीत ते बरोबर आहे. पण बर्फात वारा धारेच्या आडोशाच्या बाजूला बर्फाचा छज्जा बांधत जातो. त्याला कॉर्निस म्हणतात. वरून ती जमीनच वाटते, खाली मात्र हवा असते. डोळ्यांना दिसत असेल तर त्यापासून चांगलं लांबून चालता येतं. पांढऱ्यात पांढरं काय दिसणार?

"पुढच्या शनिवारी येऊ," मी सवयीने बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली.

"पुढचा शनिवार तुझा आहे," तो म्हणाला. "माझा नाही."

वारा वाढला होता. तो माझ्याकडे न बघता बोलत राहिला, "तुझी टीम वाचली यात तुझा काही दोष नाही. पण चोपन्न दिवसांत एकदा तरी विचारायचंस की रे."

"काय विचारायचं तेच कळत नव्हतं."

"कसा आहेस. बस, एवढंच."

मी काही वेळ नुसता उभा राहिलो. इतके दिवस मला वाटत होतं की मी त्याची भीड बाळगतोय. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. विचारलं, तर तो सांगेल. आणि त्याने सांगितलं, तर माझ्याही बाबतीत ते किती सहज होऊ शकलं असतं, हे मला ऐकावं लागेल.

"कसा आहेस?" मी शेवटी विचारलं.

"हात गारठलेत. चल, फिरू."

आम्ही लहान लहान पावलं टाकत गोल वळलो. आमचेच ठसे वाऱ्याने अर्धे भरून टाकले होते. किल्लेदार पुढे, मी मागे, फोनवरच्या नकाशात दर पाच मिनिटांनी डोकं घालत. झाडी लागली तेव्हा जिवात जीव आला. आणि तिथून पार्किंगपर्यंत तो बोलत होता. किती अर्ज केले, तीन मुलाखती कशा शेवटपर्यंत जाऊन थांबल्या, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता, वडिलांना कालपरवाच सांगितलं, ते "ये, घर आहे" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. मी फक्त "हं" म्हणत होतो. बोटीवर बसल्या बसल्या तो झोपला, तोंड उघडं टाकून.

गुरुवारी विमानतळावर त्याने त्याचे स्नोशू माझ्या गाडीच्या डिकीतच ठेवले. "पुण्यात काय करू यांचं? वरवंटा म्हणून पण चालणार नाहीत."

आता त्याला पुण्यात नोकरी लागली आहे, पगार अर्थातच कमी. परवा फोनवर राजगडाची तयारी चालली होती. बोलता बोलता विचारलंन, "हिल झाली का?"

नाही झाली. पार्कचा वेबकॅम मी हापिसात रोज सकाळी उघडून बघतो. तेव्हापासून सात शनिवार झाले. त्यातले दोन अगदी लख्ख होते, व्हँकुव्हर बेट दिसेल असे. एका शनिवारी मी कपडे धुतले. दुसऱ्या शनिवारी काय केलं, ते आठवतही नाही.

बर्फ अजून महिनाभर तरी टिकेल. चेन डिकीत आहे, त्याचे स्नोशूही. ते काल बाजूच्या टीममधल्या नव्या मुलाच्या पायाला लावून पाहिले. बसले.